देवीची साखळी आणि अण्णांचं वजन

"बेचाळीस!"

शिवदास ओरडला आणि वखारीत दाटीवाटीने बसलेल्या दीडदोनशे माणसांनी एकदमच श्वास सोडला.

"गेल्या गुरुवारी अडतीस, आज बेचाळीस! आठ दिवसांत चार किलो! बोला, तुळामाता की..."

"जय!"

काट्यावर माझे सासरे उभे होते. पोटाच्या कॅन्सरचा माणूस. दोन्ही हात जोडलेले, मान खाली, पांढरा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. शेजारी माझ्या सासूबाई पदरात तोंड खुपसून रडत होत्या, पण आनंदाने. आठ महिन्यांची चिमी माझ्या कडेवर होती. खोटं कशाला सांगू, एका हाताने तिला सावरत दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारून टाळी मीही वाजवली.

गोरेगाव पूर्वेला ही लाकडाची जुनी वखार. धंदा बंद पडला, काटा तेवढा राहिला. पार्सल ऑफिसात असतो तसा, जमिनीलगत फळी आणि समोर घड्याळाएवढी तबकडी. त्यामागे हिमालयाचा पडदा होता, जवळच्या स्टुडिओतून भंगारात निघालेला. एका कोपऱ्यात हिमालय फाटला होता आणि त्यातून विटा दिसत होत्या. काट्याच्या बरोबर वर, तुळईला बांधलेली एक पितळी साखळी लोंबत होती. तिला शेंदूर, घुंगरं आणि झेंडूची माळ. ती देवीची साखळी.

आणि पडद्यासमोर काशीरामबाबा. मूळचे कुठले, कुणाला माहीत नव्हतं. लोक तुळाबाबाच म्हणत. अंगाने भरदार, आवाज मऊ.

"डॉक्टर काय बघतो?" ते विचारायचे. "डॉक्टर फोटो बघतो, रक्त बघतो. अरे, माणूस निघाला म्हणजे काय निघतं? वजन निघतं! वजन म्हणजे प्राण. आणि प्राणाचा काटा फक्त मातेच्या हातात. माता काय म्हणते? ज्याने साखळी धरली, त्याला मी धरलं!"

त्यांचा नियम असा, की पहिल्या गुरुवारी रोग्याने दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरूनच काट्यावर उभं राहायचं. साखळीतून प्राण उतरतो म्हणे. तबकडीवरचा काटा तेव्हा सारखा थरथरत असे. काट्याशी उभा राहणारा त्यांचा चेला शिवदास त्याकडे बोट दाखवून सांगायचा, "बघा, प्राण हलतोय." दुसऱ्या गुरुवारपासून साखळीची गरज नाही. मातेने तुला उचललं, आता हात जोड आणि उभा राहा.

आम्ही सगळे हे उघड्या डोळ्यांनी पाहत होतो.

*

अण्णा, म्हणजे माझे सासरे दत्ताराम, तीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. संप झाला, मिल गेली, तरी अंग गेलं नव्हतं. वाकोल्याच्या आमच्या चाळीत पाण्याचं पिंप हलवायचं असलं की लोक त्यांना हाक मारत. मग ते जेवणावरून लवकर उठू लागले. पुढे घड्याळाचा पट्टा सैल झाला, तापवलेल्या खिळ्याने त्यांनी स्वतःच त्याला नवं भोक पाडलं. महिन्याभराने आणखी एक. लग्नातली अंगठी गळून मोरीत गेली तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला आतून दोरा गुंडाळून जाड केली.

मोठ्या हॉस्पिटलने पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. दुखण्यावरचं औषध दिलं. "आता घरी ठेवा. त्यांना आवडेल ते, खातील तेवढंच द्या," म्हणाले.

खातील तेवढंच! आईंना ते पटेना. नवरा डोळ्यांसमोर वाळत चाललाय आणि खाईल तेवढंच? त्या पहाटे उठून दुधात अंडं फेटत. दहाला नाचणीची पेज, बाराला मटणाचा रस्सा, चारला शिरा. अण्णा तोंड फिरवत, त्या चमचा दातांवर दाबत. "माझ्यासाठी एक घास. चिमीसाठी एक." तो घास जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा. मग त्या घमेलं धुवायच्या, फडकं धुवायच्या आणि पुन्हा चूल, म्हणजे आमचा रॉकेलचा स्टोव्ह, पेटवायच्या.

भेटायला येणारे दारातच म्हणत, "अरे देवा! किती सुकलेत! खायला काय घालता की नाही गं?"

हे वाक्य आईंना सुरीसारखं लागायचं. समोरच्या खोलीतल्या द्रौपदीकाकू तर चहा संपेपर्यंत तीनदा म्हणायच्या. त्यांनीच आईंना तुळाबाबांचा पत्ता दिला. "माझ्या भावाचं वजन पाच किलोनं वाढलं, शेवंती. माझ्या डोळ्यांदेखत." भावाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

*

बेचाळीसचा तो गुरुवार झाला आणि चाळीत पेढे वाटले गेले. पण शनिवारी अण्णांना आंघोळ घालताना अंगठी पुन्हा निसटून बादलीत पडली. दोरा होता तसाच होता.

"आई, चार किलो वाढले, मग अंगठी कशी सैल?"

"आधी आतला भरता, मगे भायरला. बाबांनी सांगितल्यानी तसा." आईंनी दोऱ्याचे आणखी दोन वेढे दिले. मग ती पुन्हा अण्णांच्या बोटात सरकवली.

सोमवारी सकाळी नळावर हंडा उचलताना त्या खाली बसल्या. बसल्या कसल्या, कोसळल्याच. शेजारणींनी कांदा हुंगवला, मी आत आणलं. पाणी पाजताना पदर सरकला आणि माझा हात त्यांच्या पाठीला लागला. मणके हाताला लागत होते. परकराची नाडी दोनदा गुंडाळून बांधलेली.

"आई, तुम्ही जेवता ना?"

"मी जेवलंय."

"कधी?"

त्या दाराकडे बघू लागल्या. बाहेर पडवीत अण्णा पडून होते.

"हळू बोल. ह्येंका कळता नये." मग माझं मनगट धरून त्या कुजबुजल्या आणि मला सगळं कळलं.

पहिल्याच गुरुवारी बाबांनी त्यांना पडद्यामागे नेलं होतं. तिथे बायकांसाठी दुसरा एक काटा होता. बाबा म्हणाले होते, "बाई, याचं वजन गेलं कुठे? तुझ्या हातात दोष आहे. तुझ्या हातचं अन्न त्याच्या अंगाला लागत नाही. त्याचं वजन तू खाल्लंस, आता तूच परत दे." सकाळी अंगाऱ्याचं पाणी, सूर्य मावळल्यावर एक केळं, बाकी काही नाही. तिचं उतरेल तेवढं त्याला चढेल. रोग्याला सांगितलं तर व्रत मोडलं आणि वजन उलटं फिरलं.

"चोपनाचे एक्कावन झाले माझे," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या सुकल्या तोंडावर अभिमान होता. "तीन माझे गेले, चार ह्येंका आले. एक मातेन घातला."

मला रडू आलं, रागही आला. रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला, जयवंतला, मी उठवूनच सांगितलं. तो डोळे चोळत बसला.

"अगं, मला काय बरं वाटतंय का? पण वजन वाढलं ना? तूही पाहिलंस. बाबा खोटं बोलेल, पण काटा कसा खोटं बोलेल?"

एवढं बोलून तो पुन्हा आडवा झाला.

*

उत्तर चिमीने दिलं, मंगळवारी, म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात.

तिला डोस द्यायचा होता. तिथे खिडकीजवळ स्प्रिंगचा काटा टांगलेला असतो आणि त्याखाली कापडाची झोळी. चिमीला झोळीत ठेवलं तशी ती रडायला लागली आणि तिने खिडकीचा गज पकडला.

"सहा किलो," नर्सबाई म्हणाल्या. "अगो बाई, गेल्या महिन्यात सातला टेकलेली ना ही?"

माझं दूध कमी पडलं? आजारपणाच्या धावपळीत मी हिला उपाशी ठेवलं? क्षणभरच, पण आई रोज काय भोगत असतील ते त्या क्षणात मला कळलं.

"हात सोडव तिचा," नर्सबाई कंटाळून म्हणाल्या. "गज धरलाय बघ. दिवसाला वीस पोरं हेच करतात नि वीस आया रडतात."

मी चिमीची बोटं एकेक करून सोडवली. काटा खाली सरकला. सात किलो, वर दोनशे.

मी तशीच उभी राहिले. मागची बाई ओरडली, "झालं ना? मग व्हा की पुढं!"

"बाई," मी विचारलं, "मोठ्या माणसाचं पण असं होतं?"

"का, मोठी माणसं वेगळ्या मातीची असतात?"

कोपऱ्यात मोठ्यांचा काटा होता. चिमीला नर्सबाईंकडे देऊन मी त्यावर उभी राहिले. सत्तेचाळीस. मग खिडकीचा वरचा गज दोन्ही हातांनी धरून जरा अंग सोडलं. एक्केचाळीस. काटा थरथरत होता, कारण माझे हात थरथरत होते. प्राणबीण काही हलत नव्हता.

नर्सबाईंना वाटलं मला वेड लागलं. त्यांनी आतल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, अंगठी, अंडं, ओकाऱ्या, केळं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हा आजार शेवटाकडे आला की शरीराला आतून जाळतो. चरबी जाते, मांस जातं. भूकही तोच मारतो. कितीही कोंबलं तरी ते मांस परत येत नाही, आणि तुम्ही कमी घातलंत म्हणून ते गेलेलंही नाही. सासूबाईंना सांगा, तुमचा हात चुकलेला नाही. हे त्यांना अजून कुणी सांगितलंच नसेल ना?"

मी मान हलवली.

"मऊ भात, पेज, गार काही, दोन चमचे मागितले तर दोनच. नको म्हणाले तर नको. तोंड ओलं ठेवा, पाय चेपा, जवळ बसा. आणि सासूबाईंना आज जेवायला घाला. आजच. नाहीतर माझ्याकडे एकाच घरचे दोन पेशंट येतील."

घरी येऊन मी आईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझो विश्वास नाय, माझो आसा. माका नको सांगू." द्रौपदीकाकू दारातून म्हणाल्या, "दोन बुकं शिकल्या की असंच होतं. उद्या काही उलटं झालं तर तुझ्यावर येईल हां, सुलक्षणा."

तेव्हा मी ठरवलं. गुरुवारी सगळ्यांसमोरच काट्यावर उभं राहायचं.

*

आमचा नंबर यायच्या आधी मी उठले.

"बाबा, माझ्या पोरीचं वजन वाढत नाही. आम्हा दोघींना मातेचा प्रसाद द्या."

बाबा प्रसन्न झाले. "ये मुली, ये! माता लेकराला कशी सोडेल? साखळी धर."

चिमीला मी लुगड्याच्या पट्ट्याने छातीशी बांधलं होतं. दोन्ही हात मोकळे. साखळी धरली आणि जोर लावून ओढली. घुंगरं वाजली.

"सेहेचाळीस!" शिवदास ओरडला.

"नीट बघा, दादा. पोरीसकट सेहेचाळीस?"

"पोरीसकट!"

"सगळ्यांनी ऐकलंत?" मी विचारलं आणि हात सोडले. काटा गर्रकन फिरला आणि चोपन्नावर थांबला.

पुढे बसलेले सगळे तबकडीकडे बघत होते. चिमी तेवढी साखळीकडे बघून हसली.

"बाबा, आठ दिवस कशाला, मी एका श्वासात आठ किलो वाढले. हे मी कुणाचं खाल्लं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा पडला, पण तोंड थांबलं नाही. "पाहिलंत? पाहिलंत? या मुलीवर माता साक्षात प्रसन्न झाली! इतरांना आठ दिवस लागतात, हिला..."

"मग पुन्हा होते की." मी साखळी धरली, सेहेचाळीस. सोडली, चोपन्न. धरली. सोडली. "आणि बघा, गेलेही परत. माता हिशेबाला कच्ची आहे का?"

आता बरेच जण हसले. बाबा उठून उभे राहिले. "संशयाने हात लावलास! साखळी विटाळली! शिवदास, हिला..."

"थांब रे." रांगेतून एक म्हातारी पुढे आली. तिचं नाव सोनूबाई. गळ्याला गाठ, गालांच्या खोबण्या झालेल्या. लेकीच्या खांद्याला धरून चालणारी. "मला चढू दे."

तिला कोण अडवणार? तिने साखळी धरली, एकतीस. बोटं सोडली, पस्तीस. ती बराच वेळ त्या तबकडीकडे पाहत राहिली. मग खाली उतरून लेकीकडे वळली. तीसेक वर्षांची ती बाई पांढरीफटक पडली होती.

"तू का गं वाळलीस?" सोनूबाईने विचारलं. "मला म्हणालीस, काम जास्त पडतंय."

लेकीने पडद्याकडे पाहिलं.

मग मी ते विचारलं, ज्याच्यासाठी आले होते. "इथे रोग्याबरोबर आलेल्यांपैकी कोणकोण उपाशी आहे? ज्यांना पडद्यामागे नेऊन सांगितलंय, की तुमच्या हातात दोष आहे?"

मग एक बाई तोंडावर पदर घेऊन हुंदका देऊ लागली. एक पोरगेला नवरा उठून उभा राहिला. मग आणखी एक. आणि रोगी, ते हाडांचे सापळे, माना वळवून आपापल्या माणसाकडे बघू लागले. ते बघणं मी कधी विसरणार नाही.

बाबांची युक्ती साखळीइतकीच सोपी होती. पहिल्या वेळी साखळीने वजन कमी दाखवायचं, दुसऱ्या वेळी खरं, की झाला चमत्कार. पण आजार थांबत नाही, तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी वजन उतरतंच. तेव्हा कुणाच्या गळ्यात घालायचं? जो उपाशी आहे त्याच्या. तू लपून खाल्लंस. तू रोग्याला सांगितलंस. उपाशी माणूस कधी ना कधी काहीतरी खातोच. मग तो घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसतो, बाबांकडे जाब विचारायला येत नाही.

अण्णा काट्यावर चढले ते कुणी न सांगता. साखळीला हात लावला नाही. एक्केचाळीस. बेचाळीसवरून खाली आलेले, खरे एक्केचाळीस.

आई तबकडीसमोर उभ्या होत्या. त्या बाबांकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. एखाद्या लहान मुलीने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"मगे माझा वजन खय गेला?"

बाबा पडद्यामागे निघून गेले.

सगळे उठले असं मात्र नाही. निम्मे लोक घरी गेले. निम्मे तिथेच बसून राहिले, शिवदास पुन्हा नाव पुकारेल म्हणून. द्रौपदीकाकू त्यांच्यात होत्या. त्यांना मी दोष देत नाही. रिकाम्या हातांनी घरी जायला फार बळ लागतं.

*

घरी आलो. मी पेज केली, मीठ घातलं, आंब्याच्या लोणच्याची फोड ठेवली. दोन ताटल्या अण्णांच्या खाटेजवळ नेल्या.

"आधी ती," अण्णा म्हणाले.

आईंनी ताटली मागे सारली. "माझ्यामुळे तुमचो एक किलो..."

"शेवंती," ते म्हणाले, "साखळी धरल्यार अंग हलक्या लागता, ह्या माका पयल्याच दिवशी कळला होता. तीस वरसां साच्यार काम केलंय मी. वजन खय पडता ता माका कळणार नाय?"

"मग बोललात का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते दम घेत घेत बोलत होते. "ही हसली गो त्या दिवशी. किती म्हयन्यांनी हसली. मगे मी कित्याक बोलू? ही उपाशी आसा ता कोणी सांगला माका?"

तो तिच्या हसण्यासाठी गप्प आणि ती त्याच्या जगण्यासाठी उपाशी, दोघं एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. त्या दोघांच्या मधे बाबा बसला होता.

आईंनी पहिला घास घेतला. मग अण्णांनी तीन चमचे पेज घेतली आणि लोणच्याची फोड चोखली. चौथा चमचा आईंनी उचलला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत ताटलीत ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाच्या दातांवर चमचा दाबला नाही.

अण्णा पुढे पाच आठवडे राहिले. वाळत गेले, ते थांबलं नाही. ते कुणीच थांबवू शकलं नसतं. पण ते दोन चमचे खात, ओठ पुसून घेत, चिमीला बोट धरू देत. अंगठी शेवटी आईंनी काढून गळ्यातल्या दोऱ्यात घातली. वजन आम्ही पुन्हा केलं नाही.

जी कोणी आज कुणाच्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसली असेल, तिला मला एवढंच सांगायचं आहे. तुझा हात चुकलेला नाही. चुकला असं जो सांगतो, तो काय दाखवतो ते बघ, आणि ते दाखवताना हात कुठे ठेवायला लावतो, तेही बघ. पटलं नाही तर स्वतः काट्यावर चढून बघ. त्याला विद्या लागत नाही. आठ महिन्यांच्या पोरीलाही ते जमलं.

वाकोल्यात हल्ली कुणाकडे असं आजारपण आलं, की आई भेटायला जातात. अंगारा नेत नाहीत, रोगी किती सुकला तेही बोलत नाहीत. डब्यात भात आणि डाळ असते. तो डबा त्या स्टोव्हपाशी बसलेल्या बाईच्या पुढ्यात उघडून ठेवतात आणि पहिलंच विचारतात,

"तू जेवलंस काय गो?"